जुलैचं गाठोडं

रियाधमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला अकरा महिने काहीही होत नाही. त्याचं जे काय व्हायचं ते जुलैत, सुट्टीवर घरी गेल्यावर. दाढ ठणकते आहे? जुलैत बघू. चष्म्याचा नंबर वाढलाय? जुलैत. गुडघा, थायरॉइड, पाठीवरची गाठ, छातीतली धडधड, सगळं बांधून ठेवायचं आणि विमानातून घेऊन जायचं. मी याला जुलैचं गाठोडं म्हणते. कंपनीचा विमा आहे, आमच्या मलाझ भागात चार पावलांवर दवाखाने आहेत, पण नाही. आपला गाव, आपली भाषा, आपला डॉक्टर. इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी फुटलेला कानाचा पडदा मार्चपासून जुलैपर्यंत जपून ठेवला, का तर सांगलीचे डॉक्टर त्यांना लहानपणापासून ओळखतात. असं काही ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आणि मी स्वतः डॉक्टर आहे. भूलतज्ज्ञ. मलाझमधल्याच एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी लोकांना झोपवायचं आणि नंतर सुखरूप उठवायचं, हा माझा धंदा. त्यामुळे निदान माझ्या घरात तरी हे गाठोडं नसेल असं तुम्हाला वाटेल. कसलं काय. सगळ्यांत मोठं गाठोडं माझ्या नवऱ्याने, हरीशने बांधलं होतं.

हरीश मूळचा चिपळूणचा, इथे बँकेत आहे. दिसायला बेताचाच. लग्न ठरत होतं तेव्हा आई नाक मुरडत होती, तर मी म्हटलं, तू एकदा त्याच्याशी फोनवर बोल. बोलली, आणि संध्याकाळी मुहूर्त काढायला निघाली. असा आवाज. मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, निवेदन त्याचंच. बँकेतले सौदी साहेबसुद्धा मीटिंग सुरू करायला त्याला सांगतात.

तर नोव्हेंबरात धुळीचं वादळ झालं, आम्ही सगळेच खोकलो, आणि हरीशचा आवाज बसला. माझा खोकला गेला, इराचा गेला. इरा आमची लेक, दहावीत. हरीशचा आवाज मात्र बसला तो उठेचना. डिसेंबर सरला तरी तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा बोलत होता. मी पहिल्या पंधरवड्यानंतरच म्हटलं होतं, घसा दाखव. त्याने मिठाच्या गुळण्या केल्या. मग ज्येष्ठमध. मग हळद-दूध. मी आवाज चढवला की म्हणायचा, बघ, तुझा चढतो आणि माझा बसतो, घरात समतोल राहतो. इरा म्हणायची, मम्मा, चिल, इट्स जस्ट द एसी. बापलेक एका माळेचे मणी.

मी काय काय केलं नाही! दोनदा माझ्या हॉस्पिटलात त्याचं नाव नोंदवलं, दोन्हीदा साहेबांना नेमकी ऑडिटची मीटिंग. तिसऱ्यांदा मी सरळ बँकेत जाऊन उभी राहिले, तर हा तबूकच्या शाखेत गेलेला. शेवटी त्याने हुकमाचा पत्ता टाकलाच. म्हणाला, जुलैत खातू डॉक्टरांना दाखवतो ना. खातू डॉक्टर म्हणजे चिपळूणचे, वय ऐंशीच्या पुढे, घशात चमचा घालून टॉर्च मारणार आणि नातवंडांची चौकशी करणार. मी त्या दिवशी भाकरीचं पीठ इतकं मळलं की इरा स्वयंपाकघरात फिरकली नाही.

आमच्या हॉस्पिटलात त्या सुमारास एक नवीन सर्जन आली होती, कान-नाक-घशाची. डॉक्टर मैमुना, सुदानची. ओमदुर्मानच्या सरकारी इस्पितळात कित्येक वर्षं काम केलेली. तिकडे लढाई पेटली तेव्हा आईला आणि बहिणीला घेऊन निघाली, आणि फिरत फिरत इथे पोचली. उंच, शांत, आणि हात इतका हलका की मी भूल दिलेल्या पेशंटला जाग आली तरी कळायचं नाही काही झालंय म्हणून. आमची पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली. ऑपरेशनच्या वेळी मी बडबडते, ती ऐकते. एवढा मोठा अनुभव, पण इथे तिच्या वाट्याला येत होते मुलांचे टॉन्सिल आणि कानातला मळ. मी तिच्या वतीने चिडायचे, ती नुसती हसायची.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मी तिला जेवायला बोलावलं. हरीशसाठी बोलावलं नव्हतं, हे देवाशपथ सांगते. कोळंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या आणि घरच्या आमसुलांची सोलकढी केली होती. तिने जास्वंदीचं लाल सरबत आणलं होतं, त्यांच्याकडे पाहुणा आला की तेच देतात. हरीश तिला पहिल्या भेटीतच ताई म्हणायला लागला. त्याने अर्थ सांगितला तर ती म्हणाली, मग मी तुम्हाला अखी म्हणेन, म्हणजे भाऊ.

जेवता जेवता हरीशने आपला नेहमीचा किस्सा सुरू केला, पहिल्यांदा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, काढायला गेला आणि दुसऱ्याच कुणाच्या फोटोवर सही करून आला तो. रंगात आला होता अगदी. मैमुनाने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, डोळे मिटले आणि ऐकत राहिली. हरीशला वाटलं, बाई गोष्टीत रमली. मला कळलं की ती गोष्ट ऐकत नाहीये.

किस्सा संपल्यावर तिने साधंच विचारलं, हा आवाज कधीपासून? हरीशने धुळीचं वादळ, एसी, बँकेतलं बोलणं, सगळं पटापट मांडलं आणि शेवटी जुलै. मी उसळलेच. म्हटलं, मी घसा फोडून सांगतेय, घरात डॉक्टर आहे, खाली उतरलं की हॉस्पिटल आहे, आणि याला समुद्र ओलांडून खातू डॉक्टर हवेत. मैमुनाने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मला गप्प बसवलं. मला कोणी असं गप्प बसवलं की मी सहसा ऐकत नाही. त्या दिवशी ऐकलं.

मग ती बोलायला लागली, इंग्रजीत, हळूहळू. ओमदुर्मानला तिच्याकडे घशाचे पेशंट यायचे ते शेवटच्या टोकाला. कोणी गाढवगाडीतून, कोणी दोन-दोन दिवस बसमधून. गाठ वाढून वाढून श्वासाची वाट बंद होत आलेली. दारातच गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागायची, नाव-गाव नंतर. तरुणपणी ती त्यांच्यावर फार चिडायची, इतके दिवस काय करत होता म्हणून. एकदा एका शाळामास्तरला आणलं. त्याला बोलता येत नव्हतं, बायको बोलत होती. मैमुना तिच्यावर ओरडली. ती बाई रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, आमच्या गावातून जो जो तुमच्याकडे आला तो चादरीत गुंडाळून परत आला. आम्ही याला आणलं ते दुसरं काहीच उरलं नाही म्हणून.

मैमुना म्हणाली, त्या रात्री तिला झोप लागली नाही. कारण बाई बरोबर होती. उशिरा आलेले मरतात, ते मरताना गाव बघतं, म्हणून पुढचा आणखी उशिरा येतो. रस्ते नाहीत, औषधं नाहीत, दवाखाने लांब, हे सगळं आहेच. पण त्यात ही भीतीसुद्धा आहे, आणि ती मूर्खपणाची नाही. त्या लोकांनी जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरून काढलेला तो हिशोब आहे.

मी हरीशकडे बघितलं. तो ताटात बोटाने रेघा ओढत होता. त्याचे वडील, नाना, पोटात दुखतं म्हणून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हा हरीश कॉलेजात होता. मग मोठे काका, तसेच. मला हे लग्नाआधीपासून माहीत आहे, ऑपरेशनच्या वेळी बडबडताना मैमुनालाही मी कधीतरी सांगितलं होतं. पण इतकी वर्षं मी त्याला आळशी म्हणत होते, चेंगट म्हणत होते, आणि तो ते हसत झेलत होता, कारण आळशी ठरणं त्याला परवडत होतं. त्याला काय वाटतंय ते तो मला कधीच बोलला नव्हता. तेव्हा मला त्याचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की मी उगाचच त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

"तुमचे वडील आणि काका इस्पितळात गेले तेव्हा चालत गेले होते का, अखी?" मैमुनाने विचारलं.

"नाही," हरीश म्हणाला. "उचलून."

तिने आपलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "माझ्याकडे आजवर बोलत बोलत कोणी आलं नाही. तुमचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला, म्हणजे हा असा, सुरुवातीचा. पुस्तकात वाचला होता. कदाचित काहीच नसेल. पण असेल, तर तुम्ही वेळेवर आहात. तुमच्यासाठी नको, माझ्यासाठी या. मला एकदा तरी वेळेवर आलेला माणूस बघू दे."

हरीशने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते कुणालाच कळलं नाही. मग त्याने तिला सोलकढी वाढली आणि क्रिकेटवर गेला.

दुसऱ्या दिवशी शनिवार, बँक बंद. मी सकाळी उठले तर अंथरुणात हरीश नाही. गाडी नाही. फोन लावला तर बंद. माझा संताप अनावर झाला. म्हटलं, गेला पळून, आता तबूक काय, थेट जॉर्डनची हद्द ओलांडली असेल याने. इराला उठवलं, तीही घाबरली, आणि घाबरल्यावर ती मराठीत बोलते, म्हणाली, आई, बाबांना काय झालंय? तिला शेजारी सोडलं आणि आधी हॉस्पिटल गाठलं, तिथून मैमुनाला घेऊन शोधायला निघावं म्हणून.

तर हा मैमुनाच्या खोलीबाहेर बाकावर बसलेला, हातात कॉफीचे दोन कप, इस्त्रीचा शर्ट, मुलाखतीला आल्यासारखा. म्हणाला, तुझ्याबरोबर आलो असतो तर तुझा चेहरा बघून परत फिरलो असतो. तू बोलतेस तेवढं ठीक असतं, तू गप्प झालीस की मला भीती वाटते. मी त्याला तिथेच चार शब्द सुनावले, मग त्याच्या शेजारी बसले आणि मैमुनासाठी आणलेली कॉफी मीच पिऊन टाकली.

नाकातून बारीक दुर्बीण घालून मैमुनाने बघितलं. स्क्रीन माझ्यासमोर होता. उजव्या स्वरतंतूवर एक छोटा पांढरा चट्टा, तांदळाच्या कणीएवढा. तंतू छान हलत होता, म्हणजे जे काय होतं ते खोल गेलेलं नव्हतं. मैमुनाने माझ्याकडे बघितलं, तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. मला एवढंच कळलं की हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

पुढचं लांबवत नाही. चट्ट्याचा तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. पण अगदी सुरुवातीचा, तेवढ्याच जागी. हा रोग तंतूवर बसला की लगेच आवाज बिघडवतो, म्हणजे स्वतःच ओरडून सांगतो मी आलोय, पण ते ओरडणं कोणीतरी ऐकायला हवं. बँकेच्या पार्किंगमध्ये चोरून ओढलेल्या सिगारेटींचा मी उद्धार केला, हरीशने कान पकडले. लेझर असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. मैमुना ओळख काढून आत उभी राहिली. मी, जी आयुष्यभर त्या दाराच्या आत असते, बाहेर खुर्चीवर बसून देवाचं नाव घेत होते आणि आत कोण भूल देतंय, नीट देतंय ना, म्हणून जीव टांगणीला लागला होता. आम्हा भूल देणाऱ्यांनी बाहेर बसलेल्यांना अधूनमधून येऊन काही सांगायला पाहिजे, हे मला त्या दिवशी पटलं. आता मी सांगते.

नंतर हरीशला काही दिवस बोलायची बंदी होती. आमच्या घरात एवढी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच. मी दोन वाक्यं बोलायचे आणि त्याचा विनोद यायची वाट बघायचे, तो यायचाच नाही, मग मला रडू यायचं. इरा फोनवर त्याला जोक पाठवायची, तो भुवया उडवायचा. ज्या सकाळी त्याने तोंड उघडलं त्या सकाळी पहिलं वाक्य काय, तर चहात साखर कमी आहे. मी त्याला मिठी मारली आणि साखर मुळीच घातली नाही.

आवाज परत आला. पूर्वीचा नाही, थोडा वारा लागलेला, वरच्या पट्टीत जात नाही. मंडळाचं निवेदन आता तो बसून आणि हळू करतो, आणि लोक गप्प बसून ऐकतात, हा एक फायदाच. दर महिन्याला मैमुना दुर्बीण घालून बघते. सगळं स्वच्छ आहे.

आता खरी गंमत. जानेवारीत, आवाज अगदी घोगरा असताना, हरीशने मंडळाच्या ग्रुपवर एक ध्वनिसंदेश टाकला होता. संक्रांतीचं संमेलन शहराबाहेरच्या इस्तिराह्यात आहे, म्हणजे भाड्याने मिळतं त्या बागेच्या घरात, तिळगूळ पूर्णिमावहिनी करणार, ताटं आपापली आणा, गाड्या आतल्या बाजूला लावा. मैमुनाने तो मागितला. तिच्या हाताखाली शिकलेले कितीतरी जण आता कसाला, पोर्ट सुदान असे जिथे जागा मिळेल तिथे दवाखाने चालवतात. तिने हरीशच्या परवानगीने तो संदेश त्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, असा आवाज दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला ऐकलात तर त्या माणसाला जाऊ देऊ नका. तिथल्या नर्सना मराठी कुठून कळणार. त्यांना वाटतं, ही कुठलीतरी प्रार्थना आहे. हरीश इतका हरखला होता की विचारू नका. दर शुक्रवारी मैमुना आली की याचा पहिला प्रश्न, ताई, कोणी बोलत आलं का? ती मान हलवायची, नाही म्हणून. असे कित्येक शुक्रवार गेले.

जुलैचा पहिला शुक्रवार. आमच्या बॅगा हॉलमध्ये उघड्या पडलेल्या, गाठोडं या वर्षी रिकामं, खातू डॉक्टरांसाठी फक्त खजूर. मैमुना आली ती चपला काढता काढताच फोन पुढे करत. कसालाजवळच्या एका दवाखान्यातली नर्स, अदिबा नावाची, तिने एका माणसाचं बोलणं पाठवलं होतं. आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो. फोनमधून तो आवाज आला, घोगरा, चिडलेला. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा.

मैमुना अर्थ सांगत गेली. तो भुईमूग विकतो. नातीला ताप आला म्हणून तिला घेऊन आला होता. म्हणतोय, ही बाई मला का अडवून ठेवतेय, मला काही झालेलं नाही. शहरातल्या इस्पितळात मी जाणार नाही, तिथे जाऊन माझा भाऊ मेला. घशाला काही नाही, धूळ आहे नुसती.

हरीश आधी हसला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. असा रडताना मी त्याला नाना गेले त्यावेळच्या आठवणी सांगतानासुद्धा पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले, मैमुनाकडून फोन घेतला आणि बटण दाबून धरलं. त्याचं अरबी बँकेपुरतंच आहे, त्यामुळे तो एकेक शब्द शोधून बोलला, या नव्या, वारा लागलेल्या आवाजात.

"भाऊ, मीसुद्धा धूळच म्हणत होतो. माझे वडील पण तिथेच गेले. मी गेलो आणि परत आलो. आता आम्ही जेवायला बसतोय."

मैमुनाने पाठवून दिलं. मी भात वाढला, पण कोणी जेवत नव्हतं, सगळे फोनकडे बघत होते, इरासुद्धा. कालवण गार होतंय म्हणून मी कुरकुर केली आणि स्वतः घास घेतला नाही. फोन वाजला तेव्हा मैमुनाने वाचलं, परत वाचलं, आणि मग आम्हाला सांगितलं.

"अदिबा लिहितेय, त्याने दोनदा ऐकलं. आता विचारतोय, शहराची बस कधी सुटते."

हरीशने ताट पुढे ओढलं आणि माझ्याकडे सोलकढी मागितली.